लोपेझ दे एरेदिया: जुन्या पिंपांची वाइनरी, आणि तिथली कुठली बाटली घ्यावी

स्पेनच्या रिओहा भागातल्या आरो गावात, रेल्वे स्टेशनला लागूनच लोपेझ दे एरेदिया घराण्याची वाइनरी आहे. १८७७ पासून एकाच घरात, सध्या चौथी पिढी. बाजारात हिची ओळख ‘दहा-दहा वर्षं लाकडात ठेवलेली वाइन’ अशी करून दिली जाते आणि नवं गिऱ्हाईक तिथेच फसतं. दहा वर्षं ओकच्या पिंपात म्हणजे व्हॅनिला, खोबरं आणि भाजक्या लाकडाचा मारा असणार, अशा समजुतीने तो बाटली उघडतो. पेल्यात पडते ती विटकरी झाक आलेली, साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोलची, जिभेच्या कडांना आंबट धार लावणारी वाइन. मग ‘एवढ्या पैशात हे?’ असा चेहरा होतो. दोष बाटलीचा नसतो. इथे वाइनच्या वयाइतकंच पिंपाचं वय महत्त्वाचं आहे, आणि ते लेबलवर छापलेलं नसतं.

अमेरिकन ओकचं नवं पिंप आपला वास पहिल्या काही भरण्यांतच सोडतं. त्यानंतर लाकडाची चव उतरत नाही, हवा मात्र येत राहते: फळ्यांच्या सांध्यांतून, बुचाच्या भोकाभोवतून, थोडी लाकडाच्या अंगातून. या वाइनरीत २२५ लिटरची चौदा हजारांच्या आसपास पिंपं आहेत आणि त्यातली बरीचशी कित्येक दशकं वापरात आहेत. त्यामुळे सहा वर्षं पिंपात काढूनही वाइनला लाकूड जेमतेम जाणवतं. जाणवतं ते सावकाश, मोजून मिळालेल्या हवेचं काम: ताज्या फळाचा वास मागे सरतो, सुकं अंजीर, चामडं, संत्र्याची वाळलेली साल, तंबाखू पुढे येतात, आणि तुरटपणा मऊ पडतो.

जुनं पिंप वापरणं स्वस्तातला मार्ग वाटतो. तो तसा नाही. नवं पिंप विकत घेऊन चार-पाच वर्षांनी विकून टाकणं सोपं असतं. जुनं पिंप निरोगी ठेवणं ही रोजची नोकरी आहे. लाकडाच्या छिद्रांत ब्रेटानोमायसेस हे यीस्ट घर करतं आणि वाइनला घोड्याच्या तबेल्यासारखा वास आणतं. पिंप रिकामं राहिलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, वाइन पाझरते. वरची पोकळी वेळेवर भरली नाही, तर हवेवर जगणारे ॲसिटिक जिवाणू वाइनचा सिरका करू लागतात. आतून टार्टरेटच्या (वाइनमधल्या आम्लाच्या क्षाराच्या) खड्यांचा थर जमतो आणि लाकडाची छिद्रं बुजतात, म्हणजे ज्या हवेसाठी पिंप ठेवलं तीच अडते. यावर उपाय एकच, पिंप उघडता येणारा माणूस हाताशी असणं. म्हणून या घराण्याने पिंपं बांधण्याचा कारखाना आवारातच ठेवला आहे. अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरांतलं ओक लाकूड आणायचं, उघड्यावर वाळू द्यायचं, फळ्या कापायच्या, आगीवर वाकवायच्या, लोखंडी पट्टे ठोकायचे, हे सगळं पगारी कारागीर करतात. नवी पिंपं थोडी होतात; जास्त वेळ जातो जुन्याची एखादी कुजकी फळी काढून तिथे दुसरी बसवण्यात. स्टेशन भागातल्या मुगा आणि ला रिओहा आल्ता या शेजाऱ्यांकडेही स्वतःची पिंपं बांधली जातात, तेव्हा यात एरेदियांची मक्तेदारी नाही. पण पिंप मुद्दाम म्हातारं करून इतकी वर्षं वापरण्याचा हट्ट इतक्या टोकाला दुसऱ्या कुणी नेलेला नाही.

वाइनरी स्टेशनजवळ का, याचं उत्तर फिलॉक्सेरा या किडीत आहे. १८६० नंतर तिने फ्रान्सचे मळे मुळापासून खाल्ले. बोर्दोचे व्यापारी माल शोधत खाली उतरले आणि १८६३ पासून रेल्वेने जोडलेलं आरो त्यांना सोयीचं पडलं. संस्थापक राफाएल लोपेझ दे एरेदिया यांनी त्याच धामधुमीत सुरुवात केली. कीड १८९९ मध्ये रिओहातही पोचली आणि फ्रेंचांची गर्दी ओसरली. पुढे अमेरिकन खुंटावर कलमं करून मळे परत उभे राहिले. (नाशिक-सांगलीचा बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतो तो मुख्यतः खारट पाणी आणि ताण सोसावा म्हणून, युरोपात खुंट आले ते किडीला मूळ खाता येऊ नये म्हणून.) राफाएल यांनी १९१३-१४ मध्ये एब्रो नदीच्या मोठ्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या जागेवर लागवड केली. तोच आजचा तोंदोनिया मळा.

तोंदोनिया १०० हेक्टरच्या पुढे आहे. गाळाची चिकणमाती, तिच्यात चुनखडी, वर नदीचे गोटे. घराण्याचे एकूण चार मळे, सुमारे १७० हेक्टर, आणि वाइनसाठी द्राक्षं फक्त तिथलीच. सिएरा कांताब्रिया डोंगररांगेच्या पायथ्याशी दक्षिणेकडे तोंड केलेला बोस्कोनियाचा मळा १५ हेक्टरचा. क्युबिलास आणि साकोनिया हे दोन्ही साधारण २४-२४ हेक्टरचे. साकोनियात पांढरी द्राक्षं. उत्तरेला ही सिएराची भिंत अटलांटिकचा पाऊस-वारा बराचसा अडवते, तरी वसंतात डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांची टांगती तलवार असतेच. त्याहून वाईट उशिराने येणारी गोठवणारी थंडी: २०१७ च्या एप्रिलअखेरीस एका रात्रीत रिओहातल्या कोवळ्या फुटी काळ्या पडल्या.

जुन्या वेली मांडवावर किंवा तारेवर नाहीत. आखूड खोड, त्यावर वाडग्यासारखे तीन-चार हात, हातावर दोन-दोन डोळ्यांची काडी, असं बुटकं वळण. घड पानांच्या सावलीत राहतो, वेल वाऱ्याला दाद देत नाही आणि पीक आपोआप कमी येतं. यंत्राने तोडणी मात्र अशक्य. सगळा खुडा हाताने, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. तिथे ती हिवाळाभर झोपते, आणि लांब थंड शरदात मण्यात साखर भरताना आम्ल टिकून राहतं. नाशिककडच्या टेम्प्रानियोशी (रिओहाचं मुख्य लाल द्राक्ष) तुलना करायची असेल तर आधी या आम्लाची करा. वीस वर्षं बाटलीत तग धरायची ताकद मुख्यतः तिथून येते.

लाल वाइनमध्ये टेम्प्रानियो कणा आहे. गार्नाचो अंग भरतं, ग्रासियानो आणि मासुएलो थोडेच पण आम्ल, रंग आणि वासाची धार देतात. आंबवण मोठ्या ओकच्या टाक्यांत होते. त्यातल्या काही स्थापनेच्या काळातल्या आहेत. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, द्राक्षांबरोबर आलेलं आणि टाक्यांत वस्ती केलेलं यीस्टच काम करतं. स्टीलच्या टाकीसारखी भोवती थंड पाण्याची नळी नसते. लाकूड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे ऑक्टोबरची थंडी हाच खरा कंट्रोल. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर यीस्ट मरतं, साखर अर्धवट राहते आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. म्हणून खालचा रस पंपाने वरच्या सालींच्या थरावर सोडत राहावा लागतो. त्याने उष्णता फिरते आणि सालींतून रंगही उतरतो.

मग पिंपं. वाइन पिंपात नुसती ताटकळत पडून असते, हा चुकीचा समज. वाइन सारखी हलवली जाते. रेझेर्वा दर्जाची वाइन वर्षातून दोनदा एका पिंपातून दुसऱ्यात निथळून घेतात, म्हणजे सहा वर्षांत दहा-बारा वेळा. तळाचा साका मागे राहतो. साक्यात मेलेलं यीस्ट असतं. ते हवेविना कुजलं तर सडक्या अंड्याचा वास सोडतं. निथळताना वाइनला हवा लागते, तो वास उडतो, आणि मोकळं झालेलं पिंप धुऊन कोरडं करता येतं. काम हाताने, धार उजेडासमोर धरून: गढूळ रेघ दिसली की थांबायचं. दोन मिनिटं उशीर झाला तर साका पुढच्या पिंपात, घाई झाली तर चांगली वाइन वाया. बाटलीत भरण्याआधी ताज्या अंड्यांच्या पांढऱ्या भागाने निवळतात. या रीतीत एका पिंपाला साधारण तीन ते सहा अंडी पुरतात. त्यातलं प्रथिन बोचऱ्या टॅनिनला (तुरटपणा देणाऱ्या द्रव्याला) धरून खाली बसतं. फिल्टर नाही. तेव्हा जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ दिसला म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालू नका. (अंड्याच्या वापरामुळे कडक शाकाहारी आणि व्हीगन मंडळींनी मात्र ही वाइन टाळावी.)

दुकानात उभं राहिल्यावर लेबलवरचे शब्द दिशाभूल करतात. रिओहाच्या नियमानुसार लाल क्रियान्साला एकूण दोन वर्षं, त्यातलं एक पिंपात. रेझेर्वाला एकूण तीन, पिंपात किमान एक. ग्रान रेझेर्वाला एकूण पाच, पिंपात किमान दोन. एरेदियांची सगळ्यात लहान लाल, विन्या क्युबिलो, क्रियान्सा म्हणून विकली जाते आणि पिंपात तीन वर्षं काढते. बोस्कोनिया रेझेर्वा पाच, तोंदोनिया रेझेर्वा सहा, आणि ग्रान रेझेर्वा दहाच्या आसपास. म्हणजे त्यांच्या रेझेर्वाची तुलना शेजारच्या फळीवरच्या दुसऱ्या कंपनीच्या रेझेर्वाशी करणं चूक. किंमतही इतरांच्या ग्रान रेझेर्वाशीच ताडून पाहावी. त्या हिशेबाने गेल्या दशकभरात भाव चढूनही तोंदोनिया रेझेर्वा महाग वाटत नाही. एरेदियांच्या ग्रान रेझेर्वाबद्दल हे म्हणवत नाही, तिथे किमतीत संग्राहकांची चढाओढ मिसळली आहे.

क्युबिलो ही ओळखीची बाटली. ६५ टक्के टेम्प्रानियो, २५ टक्के गार्नाचो, लाल बोराची आंबटगोडी अजून शाबूत. घराण्याची शैली कळते, खिसा फार हलका होत नाही. मात्र तिच्यात तोंदोनियाची खोली शोधू नका. बोस्कोनिया बर्गंडीसारख्या उतरत्या खांद्याच्या बाटलीत येते, तोंदोनिया बोर्दोसारख्या चौकोनी खांद्याच्या. आकारातला हा फरक चवीतही आहे. बोस्कोनियात टेम्प्रानियो ८० टक्के आणि अंगलट अधिक भरदार. तोंदोनियाची लाल सडपातळ, सुगंधी, उशिरा खुलणारी. दोन्हींत एकच घ्यायची तर जेवणाबरोबर बोस्कोनिया, नुसती चाखायला तोंदोनिया.

पण या वाइनरीचं खरं कर्तृत्व पांढऱ्या वाइनमध्ये आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवू. ग्राव्होनिया शंभर टक्के व्हिउरा या पांढऱ्या द्राक्षाची, चार वर्षं पिंपात. तोंदोनिया पांढरी रेझेर्वा ९० टक्के व्हिउरा आणि १० टक्के माल्वासिया, सहा वर्षं पिंपात. रंग सोनेरी, कधी जुन्या तुपाकडे झुकणारा. वासाला मध, मेण, अक्रोड, भाजलेले बदाम, लिंबाची साल, आणि गोडवा शून्य. नाकाला जे मध वाटतं ते जिभेवर कोरडंठाक निघतं, हा धक्का पहिल्यांदा प्रत्येकाला बसतो. व्हिउरा तरुणपणी फिकं, जवळजवळ बेचव द्राक्ष आहे. तेच इतकी वर्षं हवा सोसतं, कारण आम्ल भक्कम असतं आणि रसातली लवकर तपकिरी पडणारी द्रव्यं सुरुवातीलाच हवा लागून खाली बसून जातात. उरलेल्या वाइनमध्ये पुढे बिघडण्यासारखं फार राहत नाही. तळघर वर्षभर १२ अंशांच्या आसपास आणि ओलसर असतं; त्याचाही हात आहे. ज्यांना सोव्हिन्यॉ ब्लाँची हिरवी, कैरीसारखी ताजी धार आवडते त्यांना ही वाइन ‘उतरलेली’ वाटेल. त्यांनी घेऊ नये, भांडण नाही. बाकीच्यांनी सुरुवात ग्राव्होनियापासून करावी. या घराण्याच्या सगळ्या बाटल्यांत पैशाचं मोल तिथे सर्वाधिक मिळतं.

गुलाबी ग्रान रेझेर्वा हे प्रकरण निराळं. गार्नाचो, टेम्प्रानियो आणि थोडं व्हिउरा, पिंपात चार-साडेचार वर्षं, आणि बाजारात यायला दहा. २००० सालच्या काढणीनंतर पुढची गुलाबी थेट २००८ ची निघाली. मधली वर्षं नाहीच. टंचाईमुळे तिचा बोलबाला वाजवीपेक्षा जास्त झाला आहे. कांद्याच्या सालीचा रंग, सुक्या जर्दाळूची चव, चांगली आहे. पण मिळेल त्या भावाला घ्यावी इतकी नाही. तेवढ्या पैशात पांढरी तोंदोनिया घ्या.

ग्रान रेझेर्वा फक्त निवडक वर्षांतच निघते: १९६४, १९९४, २००१ ही त्यातली नावाजलेली. बाटलीच्या तोंडावर मेण असतं. ते सुरीने खरवडत बसू नका, तुकडे पेल्यात जातात; वरचा गोल तुकडा टिचकीने फोडा, कडा ओल्या फडक्याने पुसा. पंचवीस-तीस वर्षांचं बूच स्क्रूच्या ओपनरने मधोमध तुटतं. दोन पात्यांचा ओपनर वापरा: लांब पातं आधी, बूच आणि काच यांच्या फटीत झुलवत खाली, मग पिळत वर. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवलेली असावी, म्हणजे गाळ तळाला बसतो.

लाल ग्रान रेझेर्वा तासन् तास डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) ओतून ठेवली तर वास उडून जातो. गाळ वेगळा काढण्यापुरतंच ओता आणि प्या, १६-१८ अंशांवर. पांढरीचं उलट. तिला तासभर आधी उघडा आणि १२-१४ अंशांवर प्या. घरच्या फ्रिजचे ४-५ अंश तिला मारक ठरतात, वास बंद होतो आणि नुसतं आम्ल उरतं. आपल्या हवेत फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली की जमतं. उघडलेली पांढरी बूच लावून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज राहते, दुसऱ्या दिवशी बहुधा अधिक बोलकी असते. लाल मात्र दुसऱ्या दिवसापलीकडे नेऊ नका.

नैसर्गिक बूच आणि इतकी वर्षं, त्यामुळे दोन बाटल्या सारख्या निघतीलच असं नाही. एकाच पेटीतली एक तेजस्वी आणि दुसरी दमलेली, असं जुन्या वाइनच्या बाबतीत कुठेही घडतं. घेताना बाटलीतली पातळी बघा: मानेच्या खाली, खांद्यापर्यंत उतरलेली असेल तर सोडून द्या. बुचाखालून ओघळ आला असेल तर ती बाटली कुठेतरी तापली आहे. उघडल्यावर ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या रद्दीचा वास आला तर बूच दूषित आहे आणि थांबून तो जाणार नाही. पांढरीचा गडद सोनेरी रंग, तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक, किंचित नेलपॉलिशची झुळूक, यांतलं काहीही एकटं आलं तर बिघाड समजू नये. रंग तपकिरी, वास सडक्या सफरचंदाचा आणि चव सपाट, असं तिन्ही एकदम आलं तर बाटली गेली.

मुंबई-पुण्यात किंवा विदर्भात वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर ही वाइन ‘मुरवायला’ घेऊ नका. मुरवण्याचं काम वाइनरीने दहा वर्षं केलेलंच आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटातला एक मे महिना ते मातीमोल करून टाकतो. साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि त्याच मोसमात संपवा.

जेवणाचं म्हणाल तर रिओहात द्राक्षाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या लालबरोबर खातात. आपल्याकडे तांबड्या रश्श्यासमोर ती टिकत नाही, तिखटाने वास झाकला जातो. अळणी मटण, मिरीवर केलेलं सुकं, किंवा नुसती भाजलेली कलेजी चालते. पांढरी जास्त सोशिक आहे: रव्यातली सुरमई, चिंबोरी, खसखस-काजूचा पांढरा रस्सा, अळंबी. कोकमाचं सार किंवा चिंचेची आमटी ताटात असेल तर दोन आंबट एकमेकांना खातात.

प्रत्यक्ष जायचं असेल तर बिल्बाओहून आरो दिवसभराच्या सहलीत होतं. भेट आगाऊ ठरवावी लागते, दारात जाऊन आत घेत नाहीत. २९ जूनला गावात माणसं एकमेकांवर वाइन ओततात. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण. दर्शनी भागातला वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी आखलेला डिकँटरच्या आकाराचा मंडप हल्लीचा. त्याच्या पोटात संस्थापकाने १९१० च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी करवून घेतलेला लाकडी स्टॉल दुरुस्त करून ठेवला आहे. फोटो काढा आणि पुढे चला, बघण्यासारखं खाली आहे. दगडात खोदलेल्या तळघरात भिंतींवर काळ्या बुरशीची जाड गोधडी आणि जुन्या बाटल्यांवर जाळीच जाळी दिसते. आळस म्हणून ती ठेवलेली नाही: कोळी बूच पोखरणारे पतंग खातात, बुरशी ओलावा धरते. स्वच्छतेचा खरा पुरावा पिंपांच्या कारखान्यात बघायला मिळतो, तेव्हा वेळ कमी असेल तर तिथे रेंगाळा.

परत येताना भारतात माणशी २ लिटरच करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या; तिसरी मर्यादा ओलांडते. एक ग्राव्होनिया आणि एक पांढरी तोंदोनिया रेझेर्वा घ्या, कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा, आणि उघडण्याआधी दोन आठवडे तरी पडू द्या.